आर-बॅश दिलं म्हणजे युजर बांधला गेला का?

खिडकीवाला: आमच्या सर्व्हरवर बाहेरची माणसं फाइली टाकायला आणि लॉग बघायला येतात. त्यांना आर-बॅश दिलंय, म्हणजे बॅश या कमांड चालवणाऱ्या शेलचं बंधनं घातलेलं रूप. सीडी (फोल्डर बदलायची कमांड) चालत नाही, कमांडमध्ये स्लॅश चालत नाही, पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) बदलत नाही, आउटपुट फाइलीत वळवता येत नाही. सहकारी म्हणतो, नुसता देखावा. मला तसं वाटत नाही.

रूट_नको: सहकाऱ्याचं बरोबर आहे. लॉग बघायला व्हिम (मजकूर संपादक) दिलंय का? मग त्यात सेट शेल करून बिन-बॅशचा (साध्या, मोकळ्या बॅशचा) पूर्ण पत्ता द्या आणि शेल म्हणा. झाला मोकळा!

जुनाखोड: अहो, दार लोटून ठेवलं तरी येणारा-जाणारा आत शिरत नाही. तेवढ्यासाठीच असतं ते. चुकून कोणी भलतीकडे जाऊन आरएम (फाइल पुसायची कमांड) मारू नये, बस्स. व्हिम काढा, लेस (फाइल नुसती वाचायचा प्रोग्राम) द्या, त्याचं लेस-सिक्युअर हे सेटिंग १ करा, म्हणजे त्यातून कमांड सुटत नाही.

रूट_नको: आणि युजरने ते सेटिंग अनसेट (रद्द) केलं की? रीडओन्ली (बदलता न येणारं) केलंय का ते?

जुनाखोड: करायचं ना मग. प्रत्येक भोकासाठी भिंत पाडणार का?

रूट_नको: भोकं मोजत बसणं हाच तर धंदा होतो. खिडकीवाले, एसएफटीपी (सुरक्षित जोडणीवरून फाइली पाठवणं) कसं चालतं तुमच्याकडे?

खिडकीवाला: आधी चालत नव्हतं, त्याच्या सर्व्हर प्रोग्रामच्या पत्त्यात स्लॅश येतो म्हणून. मग इंटर्नल-एसएफटीपी लावलं, त्याला वेगळा प्रोग्राम लागत नाही.

रूट_नको: म्हणजे तो स्वतःच्या होममध्ये (युजरच्या फोल्डरात) नवी बॅश-प्रोफाइल (लॉगिनला आपोआप चालणारी फाइल) चढवू शकतो. आर-बॅश आधी ती फाइल वाचतं, बंधनं नंतर लावतं. पाथ तोच ठरवणार!

जुनाखोड: हं, हे मान्य. ती फाइल रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) नावावर करा.

रूट_नको: होम त्याचं असेल तर रूटची फाइलही नाव बदलून बाजूला सारता येते. क्रूट-डिरेक्टरी (युजरला एकाच फोल्डरात कोंडणारं सेटिंग) लावा, शेलच देऊ नका. फक्त क्रूटचं फोल्डर आणि वरची सगळी फोल्डरं रूटची हवीत, दुसऱ्या कोणाला लिहिता येता कामा नये. मी हे विसरलो होतो, लॉगिन होऊन लगेच तुटायचं आणि कारण फक्त सर्व्हरच्या लॉगात. अख्खी संध्याकाळ गेली. शिवाय टीसीपी फॉरवर्डिंग (सर्व्हरमार्गे दुसरीकडे जोडणी) बंद करा, नो-लॉगिन शेलवाल्यालाही (ज्याला कमांड चालवताच येत नाहीत त्यालाही) ते मिळतं.

जुनाखोड: आणि लॉग? तो एसएफटीपीवरून डाउनलोड करून बघायचा का दरवेळी?

खिडकीवाला: आत्ताच बघितलं. प्रोफाइल युजरच्याच नावावर आहे, होमसुद्धा.