मदत हवी आहे: टेन्शन घेऊ नका म्हणतात, पण म्हणजे करायचं काय?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातला केळीवाला शेतकरी आहे, वय ४१. निम्मी मृगबाग (पावसाळ्याच्या तोंडी लावलेली), निम्मी पिलबाग (आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली). फार मोठं संकट कोसळलंय असं नाही, म्हणूनच कुणाला सांगायला संकोच वाटतो. पण ४-५ महिन्यांपासून रोजचा ताण अंगात मुरत चाललाय.

सकाळी डोळा उघडला की हात मोबाईलकडे. बऱ्हाणपूरच्या केळी बाजारात काय भाव निघाला? घड कापणीला आलेत, व्यापारी "उद्या गाडी पाठवतो" म्हणतो आणि २ दिवस फोन उचलत नाही. शेतीची लाइट रात्रीची असली की १२ वाजता मोटार चालू करायला मळ्यात. आभाळ भरून आलं तरी पोटात गोळा येतो, कारण एका वावटळीत उभी बाग आडवी झालेली पाहिलीय.

झोपेत दाढा आवळल्या जातात, सकाळी जबडा ठणकतो. छातीत धडधडलं म्हणून ईसीजी काढला, तो नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका.

लिहायला बसलो ते मुलीमुळे. तिसरीत आहे. परवा वही दाखवायला आली, दारातच थांबली आणि आधी विचारलं, "पप्पा, आज भाव चांगला आहे ना?" माझ्याशी कधी बोलायचं हे पोरगी केळीच्या भावावरून ठरवते! तेव्हापासून चैन नाही.

दारू-तंबाखू नाही. चहा मात्र ७-८ कप. ध्यानाला बसून पाहिलं, डोळे मिटले की हिशोबच सुरू होतात. कुणाला खरंच फरक पडला असेल तर कशाने, ते सांगा.

प्रतिसाद

भाऊ, मी भुसावळला नर्स आहे. ईसीजी नॉर्मल आला म्हणजे त्रास खोटा नाही. बागेत पायाखाली साप आला काय आणि भाव पडल्याचा मेसेज आला काय, ॲड्रेनलिन दोन्हींना सुटतं: ठोके वाढतात, स्नायू आवळतात. सापापासून आपण पळतो, जोर खर्ची पडतो. भावापासून पळणार कुठे? रोज तेच झालं की झोप आणि पचन बिघडतं.

ध्यान राहू द्या. बांधावर चालता चालता ४ आकडे मोजत श्वास घ्या, ६ ते ८ मोजत सोडा, असं ५ मिनिटं. लांब सोडलेल्या श्वासाने ठोके उतरतात. दुपारनंतर चहा बंद, कॅफिन कित्येक तास अंगात राहतं. भाव दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी बघा, आणि ती वेळ मुलगी शाळेत असतानाची ठेवा. जबड्यासाठी दाताच्या डॉक्टरांना दाखवा, रात्री दातांवर घालायचं गार्ड मिळतं.

एवढं करून २ आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा कशातच मन लागेनासं झालं, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सरकारी सेवा आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. जगणंच नको असा विचार डोकावला तर एक दिवसही थांबू नका, त्याच क्षणी फोन करा आणि घरात सांगा.

मूळ लेखक

ताई, भाव काल दुपारी एकदाच पाहिला. हात ३-४ वेळा खिशाकडे गेला, पण आवरला. रात्रीच्या लाइटच्या आठवड्यात झोपेचं काय करू?

प्रतिसाद

मोटारीला ऑटो स्टार्टर (लाइट आली की मोटार आपोआप चालू होते) बसवता आला तर बघा, निम्म्या फेऱ्या वाचतील. नाहीतर दुपारी अर्धा तास पडा, त्याहून जास्त नको. आणि मुलीची वही बघितली का?