.२२ पिस्तुलात राउंड (काडतूस) अडकतोय, काय बघू?

मंडळी, बालेवाडीला २५ मीटरचा सराव करते, पिस्तूल सेमी-ऑटो आहे (पुढचा राउंड आपोआप चढतो), पाचच्या सिरीजमध्ये दुसरा नाहीतर तिसरा राउंड नाक वर करून चेंबरच्या (नळीत राउंड बसतो त्या जागेच्या) तोंडाशीच अडकतो, रॅपिडला (झटपट गोळ्या झाडायच्या फेरीला) तर सगळी लयच जाते हो.

— ताई, आधी मॅगझिनवर (राउंड भरायच्या पेट्यांवर) १, २ असे नंबर टाका. एकाच नंबरला अडकत असेल तर दोष तिथेच. मॅगझिनच्या वरच्या कडांवरून बोट फिरवा, एक बाजू जरा फाकलेली असली तरी गोळी वाकडी वर येते. पण पक्कड घेऊन स्वतः वाकवू नका, आर्मररला, म्हणजे शस्त्र दुरुस्त करणाऱ्याला दाखवा.

— आणि भरताना बघा, .२२ च्या बुडाला रिम (बाहेर आलेली गोल कड) असते, वरच्या राउंडची रिम खालच्याच्या मागे गेली की अडकणारच. शिवाय गोळीवरचं मेण चेंबरमध्ये साचतं, शेवटचं साफ कधी केलंत? मॅगझिन काढून, चेंबर रिकामा आहे हे डोळ्यांनी बघून मगच ब्रश घाला, प्लीज.

— दोन नंबरचंच मॅगझिन निघालं! डावी कड फाकलीये, चेंबरमध्ये पण काळा चिकट थर होता. दोघांचे मनापासून आभार.