डीपी (विकास आराखडा) आलाय, हरकतीला 30 दिवस

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. नगरपरिषदेने शहराचा सुधारित प्रारूप विकास आराखडा जाहीर केलाय. नकाशा सभागृहात लावलाय. हरकती-सूचना लेखी, 30 दिवसांत. फोटो टाकतोय.

नेने वहिनी ए-5: फोटोत रांगोळी सांडल्यासारखं दिसतंय. आपली बिल्डिंग कुठंय?

पाटील बी-2: समोरचा रस्ता 18 मीटर होणार म्हणे! आपलं कंपाउंड गेलं समजा. उद्या सगळ्यांनी मोर्चाला चला

काका ए-1: पाटील, 12 आहे, 18 नाही. सकाळीच चष्मा लावून बघून आलो. कंपाउंड तेवढं आत सोडूनच बांधलंय.

साने बी-6: सुप्रभात 🌹🌹

सेक्रेटरी: साने, दुपारचे दोन वाजलेत.

काका ए-1: रस्त्याचं सोडा. बिल्डिंगमागचा ओढा शोधा त्या फोटोत. सापडतोय?

नेने वहिनी ए-5: नाही.

काका ए-1: नाहीच. तिथं पिवळा रंग मारलाय. पिवळा म्हणजे रहिवास. उद्या कुणी भराव टाकून इमला उभा केला तर अडवायचं कशाच्या जोरावर? नगररचना खात्यात नोकरी करण्यात आयुष्य गेलं माझं, असे पुसलेले ओढे पाहिलेत.

पाटील बी-2: ओढा कसला, गटार झालंय त्याचं

नेने वहिनी ए-5: गटार? गेल्या पावसाळ्यात पंपरूममध्ये पाणी शिरलं, वॉचमनची खाट तरंगत जिन्यापर्यंत आली. भिंतीवर रेघ अजून आहे.

काका ए-1: वहिनी, ती रेघ पुसू नका! शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. हरकतीला जोडू. भूमी अभिलेखमधून गाव नकाशाची नक्कल मी आणतो, त्यात ओढा असणार.

जोशी बी-4 (पुणे): काका, पूररेषा असते ना पण?

काका ए-1: ती नदीला. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांच्या. चिपळूणला 2021 च्या पुरानंतर त्या रेषांवरून केवढा गदारोळ झाला! आपल्या ओढ्याला कोण रेषा आखतंय? निदान नकाशात तरी दिसू दे.

नेने वहिनी ए-5: आणि जुन्या आराखड्यातली बाग? तिथं तर मंगल कार्यालय उभं आहे.

काका ए-1: एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा 1966, कलम 127. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा घेतली नाही, मग मालकाने खरेदी सूचना, म्हणजे ‘जागा विकत घ्या’ अशी नोटीस दिली आणि त्यानंतर 24 महिन्यांतही पुढचं पाऊल पडलं नाही, की आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. जागा सुटली. छोट्या गावाच्या तिजोरीत भूसंपादनाचे पैसे कुठले? त्यामुळे बाग कागदावरच वाढते. आता तरी एकच बाग मागा, पण पालिकेच्याच मालकीच्या जागेवर मागा.

सेक्रेटरी: मग एक अर्ज करून 24 सह्या घेऊ का?

काका ए-1: नको. प्रत्येक फ्लॅटचा वेगळा अर्ज, प्रत्येकाची पोच. नियोजन समितीपुढे सुनावणी लागेल, नाव पुकारतील तेव्हा हजर राहायचं. पुन्हा आराखडा व्हायला 20 वर्षं. मी तेव्हा नसेन.

पाटील बी-2: असं नका बोलू काका. मोर्चा कॅन्सल. अर्जाच्या झेरॉक्सा माझ्याकडे लागल्या

नेने वहिनी ए-5: शिवणाची टेप चालेल ना?

काका ए-1: धावेल.

नेने वहिनी ए-5: 📷 जमिनीपासून 74 सेंमी. टेप धरलेला हात वॉचमनचा आहे.