महावितरण कार्बन कमी करतंय म्हणजे नक्की काय करतंय?

करवीरचा_शेतकरी
मंडळी एक विचारायचंय. महावितरणच्या जाहिरातीत हरित ऊर्जा, कार्बन कमी असं सारखं चाललेलं असतंय, पण त्यांची स्वतःची चिमणी कुठाय? ते तर वायर, डीपी आणि बिल. मग कमी काय करतात? विचारायचं कारण म्हणजे आमच्या गावच्या गायरानात सोलर प्रकल्पाचा विषय ग्रामसभेत आलाय, जनावरं चरायची कुठं म्हणून लोक नाराज आहेत, आणि हात वर करायच्या आधी मला समजून घ्यायचंय. राजकारण नको प्लीज.

जुना_ऑपरेटर
चांगला प्रश्न. २००५ ला वीज मंडळाचे तुकडे झाले, निर्मिती महानिर्मितीकडं, मोठ्या लाइनी महापारेषणकडं आणि घरापर्यंतचं महावितरणकडं. धूर निघतो चंद्रपूर, कोराडी, परळीला, पण तिथली वीज विकत घेतंय कोण? महावितरणच. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागं सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. म्हणजे वीज कुणाकडनं घेतली, दिवसाच्या कुठल्या वेळेला घेतली आणि वाटेत किती वाया गेली यावर त्यांचा कार्बन ठरतो. सौर-पवन-पाण्याची वीज किती टक्के घ्यायची याचं बंधनपण आहे, केंद्राने २०२९-३० साठी ४३.३३ टक्के ठरवलंय.

लोक नुसतं पॅनेल मोजतात, मला विचाराल तर वेळ जास्त महत्त्वाची. शेतीपंपाला वर्षानुवर्षं काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी पाळी, आणि रात्रीचा पंप म्हणजे बहुतेक कोळसाच. तुमच्या गायरानातला प्रकल्प त्यासाठीच असणार, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.०, राज्याचं लक्ष्य १६,००० मेगावॅट. सबस्टेशनच्या जवळ पॅनेल लावायचे, वीज तिथंच जोडायची आणि शेतीचे फीडर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या लाइनी, दिवसा त्यावर चालवायचे. विदर्भातनं इथवर वीज आणताना तारेत जे जातं तेपण वाचतं.

ऊस_आणि_पाणी
रात्रीच्या पाळीचं दुःख ज्यानं रानात पाण्याची दारं धरली त्यालाच कळतंय. राधानगरी भुदरगड आजरा पट्ट्यात रात्री रानात गवे असतात, साप वेगळे. २०२२ ला कोल्हापुरात ताराबाई पार्कात महावितरणच्या दारात ठिय्या झाला तो दिवसा दहा तास विजेसाठीच की, कार्बनचं नाव तेव्हा कुणी घेतलं नव्हतं पण मागणी तीच निघाली बघा. आणि पावसाळ्यात सोलर चालत नाही म्हणून जे सांगतात त्यांनी हेपण बघावं की जुलै-ऑगस्टला आपल्याकडं पंप लावतंय कोण? उसाला पाणी लागतंय फेब्रुवारी ते मे, आणि तेव्हा ऊन भरपूर. शिवाय साखर कारखान्यांची बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची वीज आहेच, गाळप हंगामात आपला जिल्हा ग्रिडला वीज देतो, ती मोजायला विसरू नका.

शिरोली_फौंड्री
उद्योगाच्या बाजूनं बोलतो. आधी रात्री १० ते सकाळी ६ ला दरात सवलत होती म्हणून बऱ्याच जणांनी फर्नेस रात्री लावल्या, कामगारांच्या पाळ्या तशा बसवल्या. आता सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ कडं सरकवलीय आणि संध्याकाळी जादा आकार. त्रास होतो हे खरं, पण दुपारची सौर वीज वापरायला गिऱ्हाईक पाहिजे हेही खरं, माझ्या मते दिशा बरोबर आहे फक्त पाळ्या बदलायला वेळ द्यायला पाहिजे. घरगुती टीओडी मीटरलापण (वेळेप्रमाणं दर लावणारं मीटर) जुलै २०२५ पासून दिवसा सवलत चालू झालीय. माझा प्रश्न, सूर्य मावळल्यावर काय? आणि चिमणीवर एफजीडी नावाचं यंत्र बसवतात त्यानं कार्बन कमी होतो का?

जुना_ऑपरेटर
एफजीडी धुरातला गंधक काढण्यासाठी, कार्बन त्यानं कमी होत नाही.

संध्याकाळ हाच खरा पेच. सहा वाजता सौर वीज शून्याकडं जाते आणि घराघरात दिवे, टीव्ही, मिक्सर चालू. कोळशाचा संच बटण दाबून बंद-चालू होत नाही, दुपारीपण तो क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांवर धरून ठेवायला लागतो, नाहीतर संध्याकाळी हाताशी येत नाही. म्हणून दुपारी सूर्य असूनही कोळसा जळत राहतो. इथं कोयना कामाला येते, १९६० मेगावॅट, आणि टर्बाइन काही मिनिटांत भार घेतंय. पण वीज करून पश्चिमेकडं कोकणात सोडायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, त्यामुळं ते पाणी जपून, अगदी गरजेच्या तासालाच वापरायचं. उरलेलं बॅटऱ्या आणि घाटघरसारख्या उदंचन प्रकल्पांनी भागवायला लागणार, म्हणजे दुपारी पाणी वर चढवायचं आणि रात्री सोडायचं. घाटघर २५० मेगावॅटचा आहे, असं अजून बरंच लागेल.

करवीरचा_शेतकरी
लई धन्यवाद, आता नीट कळलं. पण गायरानाचं काय करू? विरोध करणारी आमचीच माणसं आहेत आणि त्यांच्या म्हशींचा प्रश्न खोटा नाही.

ऊस_आणि_पाणी
दादा एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, त्यामुळं प्रकल्प किती मेगावॅटचा आणि कुठल्या गटात हे आधी विचारा. पड, मुरमाड तुकडा द्या, पाणवठ्याकडची वाट आणि चराऊ भाग सोडायला लावा. खाजगी जमीन कुणाची पडून असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाड्याची तरतूद योजनेत आहे, तो पर्यायपण मांडा. आणि सगळ्यात आधी हे विचारा की या प्रकल्पाची वीज आपल्याच गावच्या शेती फीडरला मिळणार का. जागा आमची आणि दिवसा वीज शेजारच्या गावाला असं झालं तर माणसं ऐकणार नाहीत, आणि का ऐकावं?

करवीरचा_शेतकरी
हे पटलं. फीडरचं नाव आणि गट नंबर ठरावात लिहून घेतो, नाहीतर ठराव पुढच्या सभेत ढकलायला सांगतो.