सर्व्हरवर बाहेरून फक्त तिघांनाच लॉगिन द्यायचंय

प्रश्न (लातूर): कॉलेजच्या उबंटू सर्व्हरवर 40 खाती आहेत. एसएसएचने (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) तिघांनीच आत यावं, बाकीच्यांची खाती मात्र चालू राहावीत. एकेकाला डिनाय करत बसू का?

उत्तर 1 (नांदेड): नका करू. उद्या नवं खातं उघडलं की ते आपोआप मोकळं राहतं. त्यापेक्षा 'रिमोट' नावाचा ग्रुप करा, तिघांना त्यात घाला आणि एसएसएचडी कॉन्फिग फाइलमध्ये (एसएसएचच्या सेटिंगची फाइल) 'अलाऊग्रुप्स'पुढे (फक्त याच ग्रुपांना प्रवेश) ते नाव लिहा. ग्रुपात घालताना युजरमॉडला (खातं बदलायची कमांड) कॅपिटल जीसोबत छोटा ए द्यायलाच हवा, नाहीतर माणूस सुडोसकट (अ‍ॅडमिनचे अधिकार देणारा ग्रुप) बाकी सगळ्या जादा ग्रुपांतून बाहेर पडतो. 'अलाऊग्रुप्स'ची ओळ फाइलमधल्या 'मॅच'च्या (अट घालणारी ओळ) खाली गेली तर तेवढ्याच अटीपुरती लागू होते, म्हणून वर ठेवा.

उत्तर 2 (परभणी): आधीची 'अलाऊयुजर्स' ओळ (फक्त याच खात्यांना प्रवेश) असेल तर काढा. दोन्ही असल्या तर दोन्हींत बसणाराच आत येतो. नावांमध्ये स्पेस द्या, स्वल्पविराम नको.

आणि दादा, चालू सेशन बंद करू नका! आधी 'एसएसएचडी हायफन टी'ने फाइल तपासा, मग रीलोड, मग दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा. तुमचंच नाव ग्रुपात घालायचं राहिलं असेल तर जुन्या खिडकीतून दुरुस्त करता येतं.

प्रश्नकर्ता: जमलं. पण बंद केलेल्यालाही पासवर्ड विचारतोय?

उत्तर 1: विचारणारच. बरोबर पासवर्ड दिला तरी नाकारतो, खरं कारण ऑथ लॉगमध्ये (लॉगिनच्या नोंदींची फाइल) दिसेल.