मालवणचा मुख्याधिकारी मंत्रालयाने पाठवावा की मालवणने निवडावा?

बंदरजेटी

डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि जवळपास चार वर्षांची प्रशासक राजवट एकदाची संपली. नगराध्यक्ष थेट मतदानाने आले, नगरसेवक आले. पण ज्याच्या सहीशिवाय गटाराचं झाकणसुद्धा बदलत नाही, त्या मुख्याधिकाऱ्याबाबत शहराला कोणी काही विचारत नाही. एक दिवस बदलीची यादी निघते. जुने साहेब जातात, नवे रुजू होतात, आणि कोण आले हे आपल्याला सत्काराच्या बातमीतून कळतं.

मालवणसारख्या शहरासाठी हे चालणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आपली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेअठरा हजारांच्या आसपास, म्हणजे कागदावर आपण 'क' वर्ग, सर्वांत छोट्या नगरपरिषदांतले. पण समोर सिंधुदुर्ग किल्ला उभा आहे आणि जुलै २०२५ पासून तो इतर अकरा किल्ल्यांसोबत जागतिक वारसा यादीत आहे. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, जेटी आणि होड्यांचे परवाने मेरीटाइम बोर्डाकडे, मासेमारी मत्स्य खात्याकडे, किनाऱ्यावरच्या बांधकामाला सीआरझेडचे नियम. नगरपरिषदेकडे उरतं काय? गाड्या लावायला जागा, स्वच्छतागृहं, पाणी, कचरा. येणाऱ्या प्रत्येक पर्यटकाचा भार मात्र नेमका त्याच चार गोष्टींवर पडतो. एवढ्या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवील असा माणूस इथे हवा.

माझा प्रस्ताव असा. बाहेरचा खासगी मॅनेजर नको. लोकसेवा आयोगातून आलेल्या मुख्याधिकारी सेवेतलाच अधिकारी असावा. जागा रिकामी होणार असेल तेव्हा नगरविकास विभागाने इच्छुकांची नावं मागवावीत. नगरपरिषदेने 'आमच्या शहराला पुढच्या तीन वर्षांत काय हवंय' याचं दोन पानी टिपण आधी प्रसिद्ध करावं. चार-पाच इच्छुकांनी सभागृहात, लोकांसमोर, त्यावर आपली योजना मांडावी. सभागृहाने पसंतीचा क्रम द्यावा आणि विभागाने त्यातूनच नेमणूक करावी. मग तीन वर्षं त्याला कोणी हात लावायचा नाही.

जमाखर्च

तुमची कळकळ समजते, पण प्रस्तावाला माझा ठाम विरोध. माझी सारी नोकरी नगरपरिषदेच्या लेखा विभागात गेली, म्हणून लिहितो.

हा प्रयोग नवा नाही. १९२५ च्या बरो म्युनिसिपालिटी कायद्याखाली मोठ्या नगरपालिका आपला चीफ ऑफिसर स्वतःच नेमत. १९६५ च्या अधिनियमानंतर मुख्याधिकारी राज्याच्या सेवेतला झाला, आणि त्याला सबळ कारण आहे. एमआरटीपीच्या, म्हणजे नगररचना कायद्याच्या, कलम ५३ खाली अनधिकृत बांधकामाला नोटीस काढायची वेळ येते तेव्हा ते बांधकाम कोणाचं असतं? होमस्टेवर चढवलेला जादा मजला कोणाच्या मेव्हण्याचा असतो? ज्या सभागृहाने पहिला क्रम देऊन तुम्हाला आणलं, त्यातल्याच एखाद्या सभासदाच्या घरच्यांना तुम्ही नोटीस काढणार? एकदा काढाल. दुसऱ्यांदा काढणार नाही.

सभागृहाने बेकायदा ठराव केला तर जिल्हाधिकारी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ खाली त्याला स्थगिती देऊ शकतात. पण त्यांच्यापर्यंत ती गोष्ट पोचवणारा पहिला माणूस मुख्याधिकारीच. तो सभागृहाच्या उपकाराखाली आला की ही वाट बंद झाली.

शिवाय पैसा कोणाचा तेही बघा. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. तेव्हापासून छोट्या नगरपरिषदांचे पगार सहायक अनुदानावर चालतात. पैसा राज्याने द्यायचा आणि निवड आपण करायची, हे कोणतं सरकार मान्य करील?

सागरेश्वर

वेंगुर्ल्याहून लिहितोय. मालवणच्या चर्चेत तोंड घालतो, कारण आमचं उदाहरण कोणीतरी देणारच.

रामदास कोकरे आमच्याकडे मुख्याधिकारी होते. त्याआधी दापोलीत त्यांनी प्लास्टिकबंदी राबवली होती. वेंगुर्ल्यात त्यांनी कचरा घरातच वेगळा करायला लावला: ओला, सुका, प्लास्टिक, काच-धातू. डेपोवर त्याचे पुढे वीसहून अधिक प्रकार व्हायचे. ओल्यापासून बायोगॅस, पालापाचोळ्यापासून कांडी कोळसा, प्लास्टिकचे तुकडे रस्त्याच्या डांबरात. ज्या कंपोस्ट डेपोवरून लोक नाक धरून जायचे, तिथे तिकीट काढून पर्यटक यायला लागले. राज्यभरच्या नगरपरिषदांचे दौरे आमच्या डेपोवर व्हायचे. वेंगुर्ल्याची नगरपरिषद १८७६ सालची आहे. इतक्या वर्षांत गावाला आपल्या कचऱ्याचा अभिमान वाटलेला मी पहिल्यांदा तेव्हा बघितला.

जमाखर्च म्हणतील, बघा, आलेच ना ते नेहमीच्या बदलीने! आले. आणि नेहमीच्या बदलीनेच गेले. पुढे कर्जत, माथेरान, कल्याण-डोंबिवली, जिथे गेले तिथे त्यांनी काम उभं केलं. माझं म्हणणं एवढंच की आम्हाला असा अधिकारी मिळावा म्हणून गावाने काहीही केलं नव्हतं. यादीत नाव आलं म्हणून मिळाले, यादीत नाव आलं म्हणून गेले. कचऱ्याचं काम जाणणारा माणूस कचऱ्याने गांजलेल्या गावात मुद्दाम पाठवावा, अशी सोय या पद्धतीत कुठे आहे? बंदराजवळची आमची डच वखार झाडांच्या मुळ्यांनी फुटत चालली आहे. वास्तू राज्य पुरातत्त्वकडे आहे, पण त्यांच्या मागे लागणारा, वारशाची ओढ असणारा अधिकारी आम्ही मागायचा तरी कोणाकडे?

अनास्तासिया_बेट

मूळची देवबागची, सध्या फ्लोरिडात. आमच्या जवळचं शहर सेंट ऑगस्टीन. १५६५ साली स्पॅनिशांनी वसवलेलं, वस्ती पंधरा हजारांच्या घरातली, पाण्याला लागून शिंपल्यांच्या दगडाचा सतराव्या शतकातला किल्ला. किल्ला तिथेही केंद्राकडे, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिसकडे, आणि त्याच्या भोवतीची गर्दी, गाड्या, कचरा शहराकडे. मालवणची आठवण येणार नाही तर काय! मोठ्या भरतीला रस्त्यावर पाणी येतं. २०१६ चं मॅथ्यू आणि २०१७ चं इर्मा या दोन्ही चक्रीवादळांत जुन्या शहरात पाणी शिरलं होतं.

तिथे पाच जणांचं निवडून आलेलं मंडळ सिटी मॅनेजर नेमतं. १९०८ मध्ये व्हर्जिनियातल्या स्टॉन्टन नावाच्या छोट्या गावातून ही पद्धत सुरू झाली. अशा शहरांत साधारणपणे जाहिरात निघते, शहराची माहिती आणि अपेक्षा सांगणारी पुस्तिका छापतात, अर्ज येतात, छाननी होते, मुलाखती होतात. बऱ्याच ठिकाणी शेवटच्या उमेदवारांना एक संध्याकाळ लोकांमध्ये उभं करतात आणि कोणीही जाऊन प्रश्न विचारू शकतं. फ्लोरिडात सरकारी कागद लोकांना खुले असल्यामुळे कोणी अर्ज केला तेही लपत नाही.

पण जमाखर्चांची भीती खोटी नाही हेही सांगते. नेमणारं मंडळ बहुमताने काढूही शकतं. निवडणुकीत मंडळ बदललं की मॅनेजरची खुर्ची हलायला लागते. म्हणून करारात नुकसानभरपाई ठरवतात, आणि फ्लोरिडाच्या कायद्याने तीही वीस आठवड्यांच्या पगाराच्या वर जाऊ शकत नाही. सिटी मॅनेजरांची एक संघटना १९१४ पासून आहे, १९२४ पासून तिची आचारसंहिता आहे. राजकारणात पडायचं नाही, एका ठिकाणी निदान दोन वर्षं काम करायचं, असे तिचे दंडक. हे सगळं पाठीशी असताना तिथे ती पद्धत तगते. फक्त मुलाखत उचलून मालवणात आणली तर तगेल का, मला शंका आहे.

जमाखर्च

ताई, वीस आठवड्यांचं तुम्ही सांगितलंत, तेच मला म्हणायचं होतं. आपल्या मुख्याधिकाऱ्याला बदल्यांच्या २००५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. तीन वर्षांचा कालावधी ठरलेला. मुदतीआधी हलवायचं तर खास कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि वरच्या प्राधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. अन्याय झाला तर प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये जाता येतं, आणि तिथून बदलीला स्थगिती घेऊन परत त्याच खुर्चीत बसलेले अधिकारी आहेत. सभागृहाच्या मर्जीने आलेल्याला हे बळ राहणार नाही.

बंदरजेटी

काका, मी अधिकारी राज्याच्याच सेवेतला ठेवतोय. बदल्यांचा कायदा लागू, मॅट लागू, पगार राज्याचा. सभागृहाला काढायचा अधिकार मी देतच नाही, फक्त पसंती. मग उपकाराचं ओझं कसं?

आणि खरं सांगा, आज ओझं नाही का? हवं ते ठिकाण मिळावं म्हणून आज आमदारांच्या, मंत्र्यांच्या शिफारसपत्रांमागे धावावं लागतं हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती पसंती बंद दाराआड होते. मी म्हणतो ती दार उघडं ठेवून होऊ दे. कोण काय बोलला, कोणत्या नगरसेवकाने कोणाला का पसंती दिली, सगळं इतिवृत्तात येऊ दे.

मेढ्यातलो

माका कायद्यातला काय कळणा नाय. पण एक सांगतंय. किनाऱ्यारच्या एका गावात (नाव घेणंय नाय) नव्या सायबान मे म्हयन्यात सुकतीच्या येळाक गटार बघल्यान, उतार बरोबर आसा म्हणान बिल पास केल्यान. जूनच्या पुनवेच्या उधाणाक दर्याचा पाणी त्याच गटारातसून उलटा वर इला. माझ्या मावशीच्या दुकानात सुक्या बांगड्यांचे गोणी भिजले, गुडघाभर पाणी. मोरयेच्या तोंडाक झडप घालूक होयी होती, ह्यां थयल्या खयच्याय रापणकारान सांगल्यान असता.

सायब वायट नव्हतो. तेका कोणी सांगूक नाय आणि तेना कोणाक इचारूक नाय. तुमी निवडून आणा नायतर मुंबैसून धाडा, पयल्याच म्हयन्यात उधाणाच्या दिवशी तेका बंदरार उभो करा. आणि नवो माणूस मे-जूनात आणू नका.

क_वर्ग

मी याच सेवेत आहे, किनाऱ्यापासून लांब. सगळं वाचून राहवलं नाही.

बंदरजेटी, तुमच्या सभागृहातल्या मुलाखतीला मी येणार नाही. मला लोकांसमोर बोलायला संकोच नाही. पण चार शहरांत उभी राहून चारही ठिकाणी मागे पडले तर पाचव्या ठिकाणी, जिथे नियमानुसार रुजू व्हावंच लागेल, तिथले नगरसेवक आणि कर्मचारी मला काय किंमत देतील? 'कोणालाच नको होती ती' अशी माझी पहिली ओळख होईल. हजेरीपटावर सही करायला लावणं दूरच राहिलं.

जमाखर्च सर, तुम्ही म्हणता ते संरक्षण कागदावर आहे आणि काही जणांनी ते वापरलंही आहे. पण मॅटमध्ये जाऊन परत त्याच खुर्चीत बसलेल्या अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी फाइली कोण आणून देतं, तेही लिहा.

माझा अनुभव वेगळाच आहे. 'क' वर्गात मुख्याधिकारी कोण यापेक्षा त्याच्या हाताखाली कोण, हा प्रश्न मोठा. अभियंता आठवड्यातून दोन दिवस, कारण उरलेले दिवस तो दुसऱ्या गावाचा. कर निरीक्षक निवृत्त झाला, जागा तशीच. मला स्वतःला शेजारच्या नगरपंचायतीचा अतिरिक्त कार्यभार होता. सकाळी इथे, दुपारनंतर तिथे. अशात कोणी जागतिक वारशाचं नियोजन करील का? पाणी सुटलं की नाही, यातच दिवस संपतो.

तुमच्या प्रस्तावातलं ते दोन पानी टिपण मात्र मला हवं आहे. आजवर कुठेही रुजू झाले तेव्हा मला शहराबद्दल काय मिळालं? चार्जची यादी. इतकी वाहनं, इतकी प्रलंबित देयकं, न्यायालयातली प्रकरणं. गटाराला झडप हवी हे त्यात नसतं. पदस्थापनेच्या वेळी विभागाने पसंतीची ठिकाणं मागितली तर आम्ही भाड्याचं घर आणि मुलांची शाळा बघून ती देतो, कारण शहराबद्दल दुसरं काही हातात नसतं. मालवणचं टिपण आधी वाचायला मिळालं असतं तर मी मालवण मागितलंही असतं.

सागरेश्वर

मॅडम, हेच आम्हाला हवंय! तुम्ही मागावं आणि आम्हीही मागावं. दोन्ही मागण्या विभागाच्या टेबलावर एकत्र येऊ देत. सभागृहात उभं करायचं नसेल तर नका करू. पण शहराचं म्हणणं लेखी जायलाच हवं.

बंदरजेटी

क_वर्ग, मुलाखतीत मागे पडलेल्यांचं काय होईल, हा तुमचा मुद्दा महत्त्वाचा. त्यावर उपाय असा: पहिल्या फेरीत नावांशिवाय लेखी योजना मागवाव्यात, सभागृहाने फक्त त्या वाचून क्रम लावावा. नाव शेवटी एकाचंच बाहेर यावं. पसंतीचा हक्क मात्र मी सोडणार नाही. चार वर्षं प्रशासकाच्या हाती काढल्यावर शहराला एवढं मागायचा अधिकार आहे.

टिपणाची सुरुवात मी उद्याच करतो. पावसाळ्याआधी कोणत्या मोऱ्या उघडायच्या, उधाणाला कुठे पाणी चढतं, दिवाळी आणि मे महिन्यात गाड्यांची रांग कुठपर्यंत जाते, जेटीवरचा कचरा कोणाच्या हद्दीत येतो यावरून मेरीटाइम बोर्डाशी काय पत्रव्यवहार झाला. मेढ्यातल्या भावाने झडपांचं सांगावं, मी लिहून घेतो.

जमाखर्च

टिपण करा. पत्रव्यवहाराचे जावक क्रमांक आणि तारखा त्यात घाला, नाहीतर नवा अधिकारी कोणत्या फाइलीत शोधणार? लागेल तिथे मी मदत करतो.

पण पसंतीक्रम सभागृहाच्या हाती नको. नावं झाकून योजना मागवल्या तरी छोट्या सेवेत कोणाची योजना कोणती हे दोन दिवसांत फुटतं. योजना कोणाची हे कळलं की फोन सुरू होतात, आणि पहिला फोन ठेकेदाराचा असतो. मी बसलेल्या टेबलावर ते फोन वाजताना ऐकले आहेत.