गावाचे डोहाळे की गावाची ओढ?

कथाकार: माझ्या कथेत वाक्य आहे, 'निवृत्तीनंतर अण्णांना गावाचे डोहाळे लागले.' मुद्रितशोधकांनी 'डोहाळे' खोडून 'ओढ' केलं. म्हणे, डोहाळे गरोदर बाईलाच लागतात. मला 'ओढ' मिळमिळीत वाटतं. अण्णांचं जेवणात लक्ष नाही, रात्री उठून एसटीचं वेळापत्रक बघतात. काय ठेवू?

सांगलीकर: डोहाळेच ठेवा. 'भिकेचे डोहाळे' म्हणतो तेव्हा कोण गरोदर असतं? निवडणूक झाली की मंत्रिपदाचे डोहाळे तर पेपरात ठरलेलेच.

माहेरवाशीण: दोन्हीकडे टोमणा आहे, न शोभणाऱ्या इच्छेला मारलेला. अण्णांना टोमणा मारायचाय का?

संस्कृतप्रेमी: मूळ शब्द 'दोहद'. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून ती बाई द्विहृदया, म्हणजे दोन हृदयांची, दौहृदिनी. अण्णांना हा शब्द लावणं चूकच.

सांगलीकर: मग अशोकाच्या झाडाला कुठलं दुसरं हृदय? 'मालविकाग्निमित्रा'त फुलायला तरुणीच्या पायाचा स्पर्श हवा, हेच त्या झाडाचं दोहद. कालिदासाला चालतं, आपल्याला नाही?

माहेरवाशीण: दोन हृदयांची व्युत्पत्ती गोड आहे, पण मला 'दुर्हृद' पटते. जीव बिघडणं. आमच्या थोरल्या जाऊबाई फोडणीचा वास आला की परसात धावायच्या. सासूबाई म्हणायच्या, 'हिचे डोहाळे कडक आहेत.' तिथे डोहाळे म्हणजे उलट्याच. आधी मळमळ, इच्छा मागाहून आली असणार.

संस्कृतप्रेमी: ताई, घरातलं बोलणं व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही.

माहेरवाशीण: का नाही? बायकांच्या तोंडीच तर जगलाय हा शब्द! हाल राजाच्या 'गाथासप्तशती'त, आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, 'दोहल' आहे. गरिबाघरची गरोदर बायको. काय खावंसं वाटतं विचारल्यावर नवऱ्याच्या जिवाला घोर नको म्हणून फक्त पाणी मागते. वाचलं की आजही पोटात तुटतं. डोहाळे या शब्दात एवढं सगळं आहे, तो मंत्रिपदाला कसला लावता?

कथाकार: अंक शुक्रवारी छापायला जातोय. अण्णांचं काय करू?

नवी सभासद: मला भाजक्या मातीचे लागले होते. पाटीवरची पेन्सिलही खायचे. त्याला वेगळा शब्द आहे का?

संस्कृतप्रेमी: वेगळा कशाला? 'रघुवंशा'त गरोदर राणी सुदक्षिणेच्या तोंडालाही मातीचाच वास येतो. तेही दोहदच, आणि तीही द्विहृदयाच.

माहेरवाशीण: सुदक्षिणा माती खाते ती जीव बिघडतो म्हणूनच ना?